अर्ली इंटरव्हेन्शन आणि वेगवेगळ्या संस्कृतींतली कुटुंबं: गृहभेटीत नेमकं काय बदलायचं?

नवखी
अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे विकासात अडचण असलेल्या शून्य ते तीन वयाच्या मुलांना लवकर मदत; त्यासाठी घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी हा धागा. 'सांस्कृतिक सक्षमता' (वेगळ्या संस्कृतीतल्या घरांसोबत नीट काम करता येणं) म्हटलं की प्रशिक्षणात बहुतेकदा एक तक्ता हातात येतो: अमुक समाजात नजरेला नजर देत नाहीत, तमुक समाजात निर्णय आजी घेते. तो पाठ करून गेलं तरी पहिल्या दहा मिनिटांत गाडी अडते. माझे प्रश्न असे:

१. पहिल्या भेटीत काय विचारायचं आणि कसं?
२. चाचणी ज्या मुलांवर बेतली, त्यांच्याहून अगदी वेगळ्या घरातल्या मुलाचे गुण कसे वाचायचे?
३. दुभाष्या सोबत असेल तर भेट कशी चालवायची?
४. घरच्यांना हवं ते आणि थेरपिस्टला हवं ते जुळत नसेल तर?

तत्त्वं पुष्कळ वाचली. पद्धत सांगा.

ओसरी
आधी तो तक्ता बाजूला ठेवा. तक्ता समाजाची सरासरी सांगतो, आणि समोर असतं एक घर. भाषा एक, धर्म एक, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांतसुद्धा मूल कोण झोपवतं, रडलं की कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, यात जमीन-अस्मानाचा फरक सापडतो.

टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संस्थांसाठी सांस्कृतिक सक्षमतेच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांत 'आम्हाला सगळे सारखेच' म्हणणारी संस्था तिसऱ्याच पायरीवर येते, सांस्कृतिक अंधत्वाच्या. हे पुष्कळांना झोंबतं. पुढे १९९८ मध्ये टर्व्हालोन आणि मरे-गार्सिया यांनी 'नम्रता' हा शब्द पुढे आणला, कारण 'सक्षमता' म्हटलं की एकदा मिळवली, प्रमाणपत्र लावलं, संपलं असं वाटतं. शब्द कुठलाही घ्या, हातातलं हत्यार एकच आहे: दिवस कसा जातो ते विचारणं.

रॉबिन मॅकविल्यम यांची दिनक्रमावर आधारलेली मुलाखत याच कामासाठी आहे. साधारण दोन तास लागतात. ती अर्ध्या तासात उरकायची म्हटली तर केली नाही तरी चालेल. क्रम असा:

सुरुवातीला मुख्य काळज्या विचारा, पण तिथे रेंगाळू नका. मग सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एकेक प्रसंग घ्या: उठणं, कपडे, खाणं, अंघोळ, बाहेर जाणं, खेळ, झोप. प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी हव्यात. बाकीची माणसं तेव्हा काय करत असतात, मूल काय करतं, आणि ते त्यात कितपत सामील असतं. प्रसंग संपला की 'या वेळेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, १ ते ५ मध्ये सांगा' असा आकडा घ्या. शेवटी टिपलेल्या अडचणी वाचून दाखवा आणि उद्दिष्टं घरच्यांना निवडू द्या. साधारण १० ते १२ निघतात. त्यांचा क्रमही त्यांनीच लावायचा.

यात संस्कृतीबद्दल एकही थेट प्रश्न नाही, आणि तरी सगळी संस्कृती बाहेर येते. अंघोळ कोण घालतं हे विचारलं की घरातली सत्ता कळते. 'तुमच्याकडे निर्णय कोण घेतं?' असं विचारलं तर शोभेलसं उत्तर मिळतं.

मोजपट्टी
ओसरीताईंशी सहमत. फक्त एक पुस्ती. १ ते ५ चा आकडा काही घरांत सरसकट ५ येतो, कारण पाहुण्यापुढे घरातलं उणं सांगायचं नसतं. तिथे आकडा सोडा आणि विचारा, 'यातली कुठली वेळ बदलता आली तर आधी कुठली बदलाल?' तुलना करायला सांगितली की माणूस मोकळा होतो.

आता प्रश्न २. गुणांत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते: मुलाला येत नाही, मुलाला संधीच मिळाली नाही, आणि पालकाला प्रश्न कळला नाही. ही तिन्ही 'नाही' कागदावर एकसारखी दिसतात.

एएसक्यू-३ घ्या, म्हणजे मुलाच्या विकासाची, पालकांनी भरायची प्रश्नावली. प्रत्येक क्षेत्रात ६ प्रश्न, 'हो'ला १०, 'कधीकधी'ला ५, 'अजून नाही'ला ०, एकूण ६०. जिना चढण्याचा प्रश्न आहे आणि घराच्या आसपास जिनाच नाही, तर ० देऊ नका. तो प्रश्न रिकामा सोडता येतो. एका क्षेत्रात २ पर्यंत प्रश्न सुटले तर उरलेल्यांची सरासरी त्यांच्या जागी घालतात. ४ प्रश्नांत ३० मिळाले, सरासरी ७.५, म्हणजे दुरुस्त गुण ४५. तिथे दोन शून्यं भरली असती तर ३०च राहिले असते, आणि कितीतरी मुलं याच फरकावर छेदबिंदूच्या (ज्याच्या खाली गुण गेले की पुढची तपासणी सुचवतात त्या आकड्याच्या) अलीकडे-पलीकडे होतात. ३ किंवा जास्त प्रश्न सुटले तर त्या क्षेत्राचे गुण काढूच नयेत.

त्याहून चांगलं म्हणजे संधी देऊन बघणं. खडू, चमचा, ठोकळे आठवडाभर घरात राहू द्या, मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. ही प्रश्नावली भरण्याआधी पालकांनी मुलाकडून कृती करून बघावी, अशीच अपेक्षा आहे. वेळ नाही म्हणून हा भाग गाळतात आणि नंतर 'या समाजातली मुलं सूक्ष्म स्नायूंच्या कामांत मागे असतात' असा निष्कर्ष काढतात.

वयाचीही खात्री करा. काही समाजांत जन्मलेलं मूल एक वर्षाचं धरतात, काहींचं पंचांग वेगळं असतं. चुकीच्या वयाचा फॉर्म हातात गेला की पुढचं सगळं वाया. नियत तारखेच्या ३ आठवडे किंवा त्याहून आधी जन्मलेल्या मुलाचं वय २४ महिन्यांपर्यंत दुरुस्त करून घ्यायचं, ते वेगळं.

आडवाप्रश्न
पण मग भाषांतरित फॉर्म वापरले की झालं ना? बहुतेक मोठ्या भाषांत मिळतात.

मोजपट्टी
नाही झालं. भाषांतराने प्रश्न पोचतो, प्रमाणमान (गुण ज्याच्याशी ताडतात ते त्या वयाच्या मुलांचे नेहमीचे गुण) पोचत नाही. छेदबिंदू ज्या मुलांवरून काढला त्यांची भाषा, घर, खेळणी वेगळी होती. स्थानिक प्रमाणमान नसेल तर गुण हा निर्णय समजू नका; पुढे कुठे बघायचं त्याचा इशारा समजा.

'हो'ची गंमतही बघा. एम-चॅट-आर/एफ ही ऑटिझमची प्राथमिक चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, २० प्रश्न. त्यातले २, ५ आणि १२ हे तीन उलटे आहेत, म्हणजे तिथे 'हो' हे जोखमीचं उत्तर, बाकीच्यांत 'नाही'; जोखमीच्या प्रत्येक उत्तराला १ गुण. पाहुण्याला नकार द्यायला संकोचणाऱ्या पालकाने वीसही प्रश्नांना 'हो' म्हटलं तर गुण येतात बरोबर ३. मध्यम जोखीम ३ ते ७, म्हणजे पाठपुराव्याची मुलाखत होते आणि मूल हातचं जात नाही. पण 'तुम्हाला कधी वाटलं का, की याला ऐकू येत नाही?' या एकाच प्रश्नाला तो पालक दचकून 'नाही' म्हणाला की गुण २, कमी जोखीम, फाईल बंद. उत्तरांना एकच रंग दिसला की गुण काहीही येवोत, प्रत्येक 'हो'ला एक प्रसंग मागा. 'बोट दाखवतो? काल-परवा कशाकडे दाखवलं?'

रांगतेपाऊल
फिजिओच्या बाजूने. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या निरोगी मुलांवरून हालचालींच्या सहा टप्प्यांच्या खिडक्या, म्हणजे तो टप्पा गाठण्याच्या वयाच्या मर्यादा, प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. खिडक्या किती रुंद आहेत बघा. आणि ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

म्हणून जे मूल दिवसभर कडेवर किंवा पाठीशी असतं, ते रांगत नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. ते मूल धरून उभं राहतं का, बसल्या जागी वळून वस्तू घेतं का, दोन्ही हात सारखे वापरतं का, ते बघा. वर्षाच्या आत एकाच हाताचा हट्ट असेल तर ते कुठल्याही संस्कृतीत तपासायचंच.

'पोटावर झोपवून खेळवा' हा सल्ला तर सरसकट दिला जातो. जमीन गार असेल, ओल असेल, खोलीत पाच माणसं वावरत असतील तर घरचे मान डोलावतात आणि करत नाहीत. मोठ्या माणसाने टेकून बसायचं आणि मूल छातीवर पालथं घ्यायचं. मानेला तेच काम पडतं. टेकण जितकं आडवं कराल तितकं मान उचलणं अवघड, म्हणजे काठिण्य वाढवायची सोयही झाली. ३-४ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, उठल्यावर किंवा कपडे बदलताना.

खडूफळा
रांगतेपाऊल, +१. खेळण्यांची पिशवी नेणाऱ्यांनी हा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा. पिशवी आली की थेरपी आली, पिशवी गेली की थेरपी गेली, असंच घर शिकतं. आठवड्याला एक तासाची भेट म्हणजे १६८ तासांतला एक. मूल जागं असतं त्यांतले साधारण ८० तास, आणि ते घरच्यांच्या हातात आहेत.

दुसरं, मोठ्यांनी जमिनीवर बसून मुलाशी खेळणं हा जगभरचा रिवाज नाही. कितीतरी घरांत मुलांशी मुलंच खेळतात आणि मोठी माणसं त्यांना कामात सोबत घेतात. तिथे आईला 'तुम्ही याच्याशी खेळा' म्हटलं की ती अवघडते, आणि आपण नोंद करतो 'आईचा प्रतिसाद कमी'. उपाय दोन. एक, भावंडांना शिकवा. ७-८ वर्षांची ताई पाळीपाळीने बोलणं फार झकास घेते. दोन, काम हेच माध्यम करा. कपडे घडी करताना 'मोठा-लहान', 'दे-घे', 'आत-बाहेर' सगळं होतं. मात्र भावंडावर जबाबदारी टाकू नका. त्याच्या खेळात ते बसत असेल तेवढंच.

दुभाषी
प्रश्न ३. भेट ६० मिनिटांची असेल तर दुभाष्यासह ९० धरा. त्याखेरीज भेटीआधी १० मिनिटं फक्त दुभाष्याशी आणि भेटीनंतर १०. बहुतेक ठिकाणी ही आधीची-नंतरची दहा मिनिटंच वाचवतात आणि तिथेच सगळं बिघडतं.

आधीच्या दहात: आज काय करायचंय, कुठले शब्द येतील, चाचणी असेल तर कुठे मदत करायची नाही. 'विकासातील विलंब' यासारखे शब्द आधीच फोडून द्या. काही भाषांत 'विलंब' म्हटलं की आपोआप भरून निघेल असा अर्थ होतो, काहींत 'मतिमंद'च्या जवळचा शब्द तोंडावर येतो. 'ऑटिझम'ला शब्दच नसेल तर दुभाष्याला शब्द घडवायला लावू नका. मूल काय करतं आणि काय करत नाही ते सांगा, आणि मूळ शब्द तसाच ठेवा.

भेटीत: तोंड पालकाकडे, दुभाष्याकडे नाही. 'त्यांना विचारा की' हे बंद; थेट 'तुम्ही'. एका वेळी एक-दोन वाक्यं. दुभाष्या प्रथमपुरुषी बोलतो, म्हणजे आई म्हणाली 'मला भीती वाटते' तर तोही 'मला भीती वाटते' असंच म्हणेल. लांबलचक उत्तर आलं आणि दुभाष्याने तीन शब्दांत सांगितलं तर थांबा, पूर्ण मागा.

मुलाच्या बोलण्याबाबत नियम कडक हवा. दुभाष्याला मुलाची चुकलेली वाक्यं सवयीने दुरुस्त करून सांगायचा मोह होतो. मग मूल पूर्ण वाक्यात बोलतं असं तुम्ही लिहून मोकळे. शब्द जसा फुटला तसा, क्रम जसा आला तसा, तुटकच सांगायला सांगा.

भावंडं, नातलग, शेजारी दुभाष्या म्हणून नकोत. मोठ्या बहिणीला लहान भावाचं निदान आईला सांगायला लावणं हा अन्याय आहे, शिवाय ती हमखास सौम्य करून सांगते. समाज लहान असेल तर व्यावसायिक दुभाष्याही घरच्यांच्या ओळखीचा निघतो आणि घर एकदम गप्प होतं. म्हणून नाव आधी कळवून संमती घ्या. नको म्हटले तर दूरच्या गावचा, फोनवरचा, त्यांना न ओळखणारा माणूस द्या. बोलीही विचारा. भाषेचं नाव एक असलं तरी बोली इतकी वेगळी असू शकते, की दोघं विनयाने माना डोलावत बसतात.

आडवाप्रश्न
द्विभाषिक घरांना 'एकच भाषा बोला' असं अजूनही सांगतात. त्यात काही तथ्य आहे का? दुभाषी किंवा मोजपट्टी सांगा.

मोजपट्टी
नाही. दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही. डाउन सिंड्रोम किंवा ऑटिझम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात. घरची भाषा काढून घेतली तर आई तिला धड न येणाऱ्या भाषेत मुलाशी कमी बोलते आणि तुटक बोलते, हा थेट तोटा. आजी-आजोबांशी बोलणं तुटतं ते आणखी वेगळं.

शब्दमोजणी अशी करा. २४ महिन्यांचं मूल घरच्या भाषेत ३० शब्द बोलतं, दुसऱ्या भाषेत २८, आणि १० गोष्टींना दोन्हीकडे शब्द आहे. एकच भाषा मोजली तर ३०, म्हणजे या वयासाठी धरलेल्या ५० शब्दांच्या खूणगाठीपेक्षा बरंच कमी. दोन्ही मिळून ५८. संकल्पना मोजल्या, म्हणजे एका गोष्टीचे दोन शब्द एकदाच धरले, तर ३० + २८ − १० = ४८. या वयात दोन्ही भाषांची बेरीज धरावी. संकल्पनांची मोजणी द्विभाषिक मुलाला थोडं मागे दाखवते. उच्चार अर्धवट असला, पण दर वेळी त्याच अर्थाने येत असेल, तर तो शब्दच. आणि दोन भाषांची मिसळ हे गोंधळाचं लक्षण नाही.

रांगतेपाऊल
यालाच जोडून उलटी चूकही सांगायला हवी, ती हल्ली जास्त दिसते. 'दोन भाषा आहेत ना, म्हणून उशीर', 'त्यांच्यात मुलगे उशिराच बोलतात' असं म्हणत सहा महिने जाऊ देणं. हाही पूर्वग्रहच, फक्त सभ्य कपड्यांतला. कुठल्याही भाषेत, कुठल्याही घरात थांबायचं नाही अशा गोष्टी: १२ महिन्यांपर्यंत बडबड नाही की हावभाव नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २४ महिन्यांपर्यंत स्वतःहून जोडलेले दोन शब्द नाहीत, आणि कुठल्याही वयात आलेलं कौशल्य जाणं. श्रवणतपासणी सगळ्यात आधी. १८ महिने झाले आणि एकटं चालत नाही, तर कडेवर वाढलंय हे कारण पुरत नाही.

ओसरी
प्रश्न ४ राहिलाच. मतभेद झाला की आधी तो तीन खणांत टाका: धोका, विकासाला अडथळा, आणि फक्त आपल्याला अनोळखी. सोफ्यावर तान्ह्याला कुशीत घेऊन झोपणं, फिटचं औषध परस्पर बंद करणं, हे पहिल्या खणात. इथे तडजोड नाही, पण कारण सांगून बोलायचं. तिसऱ्या खणात बोलायचंच नाही. गंमत म्हणजे आपले बहुतेक वाद तिसऱ्या खणातले असतात आणि आपण ते दुसऱ्यात लिहितो.

दुसऱ्या खणाचं उदाहरण. थेरपिस्टला हवं, मुलाने आपल्या हाताने जेवावं. घरच्यांच्या लेखी तीन वर्षांपर्यंत भरवणं हीच माया. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. अशा वेळी 'स्वतः जेवणं' हे कौशल्य फोडून बघा: पकड, हात तोंडाशी नेणं, चावणं, आपल्याला हवं ते मागणं. पकड अंघोळीच्या वेळी ओलं फडकं पिळून होते. हात तोंडाशी नेणं दात घासताना होतं. मागणं भरवतानाच होतं: घास थोडा लांब धरून मुलाच्या नजरेची, आवाजाची वाट पाहायची, पाच सेकंद. भरवणं तसंच राहिलं आणि चार उद्दिष्टांतली तीन गाठली. या विषयावर लिहिणाऱ्या इसौरा बरेरा 'तिसरी जागा' म्हणतात ती हीच: दोघांचंही पूर्ण राखणारा वेगळा मार्ग. दोघांनी अर्धं-अर्धं सोडायचं, असा तिचा अर्थ नाही.

कारणाबद्दलची समजूतही विचारा. वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे प्रश्न इथे चपखल बसतात: हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? तेव्हाच का सुरू झालं? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? उपचारातून काय मिळावंसं वाटतं? उत्तर ऐकून चेहरा हलवू नका. कारण दैवी मानणारं घरही व्यायाम करतं, फक्त त्यांच्या समजुतीशी भांडून करत नाही. 'याशिवाय आणखी काय करता?' हे सरळ स्वरात विचारलं तर कळतं. जाब विचारल्यासारखं विचारलं तर लपतं, आणि लपलेल्या औषधाचा धोका जास्त.

नवखी
सगळ्यांचे आभार, खूप कामाचं मिळालं. एक शेवटचं: धोक्याच्या खणात अंगावरच्या खुणाही येतात का? गडद वर्णाच्या बाळांच्या पाठीवर निळसर डाग दिसले की नेमकं काय करायचं? मुलाला मारहाण होत असल्याचा संशय आला तर तक्रार नोंदवण्याची कायदेशीर जबाबदारी असते, आणि चुकीची तक्रार झाली तर ते घर परत कुणाला दार उघडत नाही.

रांगतेपाऊल
कमरेवर, ढुंगणावर सपाट, निळसर-करडे, कडा अस्पष्ट, दाबलं तर बाळ कळवळत नाही: हे बहुधा जन्मजात डाग, त्वचेच्या खोल थरातल्या रंगपेशींमुळे आलेले. शाळेच्या वयापर्यंत बहुतेक फिके होतात. मार लागल्याची खूण दुखते, आणि काही दिवसांत रंग बदलत जाते. जन्मजात डाग आठवड्याने बघितला तरी तसाच असतो. जन्मवेळच्या नोंदीत उल्लेख आहे का ते तपासा. नसेल तर पहिल्याच भेटीत शरीराच्या आकृतीवर जागा आणि माप लिहून तारीख टाका, आणि डॉक्टरांकडून नोंद करून घ्या. पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होतो. खांदा, दंड, पोटरी अशा जागी डाग असला तर तो जन्मजात नाहीच असं नव्हे, पण तो डॉक्टरांनी त्याच दिवशी बघावा. आणि कुठल्याही वर्णाच्या, अजून धरून चालायला न लागलेल्या बाळाच्या अंगावर खरी मारखूण दिसली, तर आठवडाभर वाट बघायची नाही.

दुभाषी
आणि त्या दिवशीची भेट घरातल्या कुणाला दुभाष्या करून उरकू नका. फोनवरचा का होईना, बाहेरचाच माणूस घ्या.